पहिल्यांदा मिशन ट्रिपला निघताय? आधी गुडघे, मग वही, मग तिकीट

दरवर्षी फेब्रुवारी संपत आला की मला फोन सुरू होतात. "दादा, आमच्या तरुण संघाला सुट्टीत मिशन ट्रिपला जायचंय, काय काय लागतं?" आणि मी प्रत्येकाला तेच तेच तासभर सांगत बसतो, म्हणून म्हटलं एकदाचं लिहूनच काढू. मी काही पाळक (पास्टर) नाही, सेमिनरीत म्हणजे धर्मशिक्षणाच्या कॉलेजात शिकलेलो नाही, पिंपरीत एका वर्कशॉपमध्ये नोकरी करतो आणि आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघाबरोबर नंदुरबार जिल्ह्यात चार वेळा जाऊन आलोय. त्यातली पहिली ट्रिप पार फसली होती, ती कशी फसली तेही सांगतो, कारण जे काही शिकलो ते तिच्यातूनच.

आधी नेमकं कशाबद्दल बोलतोय ते क्लिअर करू. पाच-सहा दिवसांची ट्रिप, सहा ते आठ जण, पुणे-नगर-मुंबईकडच्या एखाद्या मंडळीतून निघून नवापूर, अक्कलकुवा, धडगाव या पट्ट्यातल्या एखाद्या छोट्या मंडळीकडे. आणि ज्यांना वाटतं की आपण तिकडे पहिल्यांदा सुवार्ता (ख्रिस्ताचा संदेश) घेऊन चाललोय, त्यांनी जरा थांबा. नवापूर तालुक्यात मावची बोलणाऱ्या ख्रिस्ती मंडळ्या काही पिढ्यांपासूनच्या आहेत, चिंचपाड्याला जुनं मिशन हॉस्पिटल आहे, तिथल्या कितीतरी घरांत आजी-आजोबांपासून पवित्र शास्त्र (बायबल) वाचलं जातंय. आपण पाहुणे. ही एक गोष्ट डोक्यात पक्की बसली ना, तर पुढच्या निम्म्या चुका होतच नाहीत.

दुसरं, "प्रार्थनेने चालणारी ट्रिप" म्हणजे काय. आपल्याकडे बऱ्याचदा प्लॅन आधी ठरतो, बॅनर छापून होतो, आणि मग नारळ फोडल्यासारखी एक प्रार्थना होते की प्रभू, हे सगळं आशीर्वादित कर. मी ज्याबद्दल बोलतोय त्यात प्रार्थनेला प्लॅन बदलायचा हक्क असतो. म्हणजे "नाही" असं उत्तर आलं तर खरंच जायचं नाही, आणि "हे नको, ते करा" असं आलं तर छापलेला टी-शर्ट घरी ठेवून ते करायचं.

पायरी १ : सहा आठवडे, एक वही

तारीख ठरवायच्या आधी सहा आठवडे द्या. आम्ही शुक्रवारी संध्याकाळी साडेसातला एकाच्या घरी जमतो, गाणी एक-दोनच, कारण गाण्यांत तास जातो आणि प्रार्थना दहा मिनिटांत उरकली जाते हा आपला सगळ्यांचा अनुभव आहे. मग एक वचन वाचायचं. पहिल्या आठवड्यात बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, अध्याय १३ घ्या, अंत्युखियाची मंडळी उपास करून उपासना करत होती तेव्हा बर्णबा आणि शौलाला (म्हणजेच पौलाला) वेगळं काढायला सांगितलं गेलं, म्हणजे कोण जाणार ते मंडळीत बसून कळलं, जाणाऱ्यांनी स्वतःच हात वर केला नव्हता. पुढे कधीतरी अध्याय १६ घ्या, तिथे पौलाला आसिया प्रांतात बोलायला मनाई होते, मग बिथुनियात जायला बघतो तर तिकडूनही अडवलं जातं, आणि मग रात्री मासेदोनियाचा माणूस दिसतो. दोन दारं बंद होऊन तिसरं उघडलं, हे आपल्या पोरांना फार धीर देतं.

वाचन झालं की दहा मिनिटं गप्प बसायचं. खरंच गप्प. पहिल्यांदा अवघड जातं, कोणाचा तरी फोन वाजतो, कोणाला तरी हसू येतं, होऊ द्या. मग प्रत्येकाने आपापल्या कागदावर लिहायचं, एकमेकांना न विचारता, की मनात काय आलं : कुठलं गाव, कुठलं काम, भीती, शंका, काहीही. "काहीच आलं नाही" असं लिहिलं तरी चालतं, मी स्वतः तीन आठवडे तेच लिहिलंय. मग सगळं एका वहीत उतरवायचं, तारीख टाकून, डाव्या पानावर मागणं आणि उजवं पान कोरं. उत्तर आलं की तारीख टाकून उजवीकडे लिहायचं. आमची वही साधी दोनशेपानी लाँगबुक आहे, तिच्यावर चहाचे डाग आहेत, आणि ती कुठल्याही पॉवरपॉइंटपेक्षा जास्त कामाला आलीय.

इथे एक धोक्याची सूचना. "प्रभूने मला सांगितलं" हे वाक्य ग्रुपमध्ये हुकमाच्या एक्क्यासारखं टाकू नका, कारण ते टाकलं की समोरच्याला बोलायला जागाच राहत नाही. "मला असं वाटतंय, तुम्ही पण प्रार्थना करून बघा" असं म्हणा. खरं असेल तर बाकीच्यांच्या कागदावरही ते कुठेतरी येतंच, आणि पाळकांनाही पटतं. एका वर्षी आमच्यातल्या एकाला फार जोरात वाटत होतं की ओडिशाला जायचं, बाकी सात कागदांवर ओडिशाचं नाव नाही, आणि नंतर कळलं की त्याचा जवळचा मित्र तिथे नोकरीला होता. पोरगा प्रामाणिक होता हो, पण मन असं चालतं.

पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनची गोष्ट मी नव्या पोरांना हमखास सांगतो. १९०५ साली तिथल्या मुली रोज प्रार्थनेला बसायला लागल्या आणि त्यातूनच पुढे गट करून आजूबाजूच्या गावांत गेल्या. आधी बसल्या, मग उठल्या. केडगाव पुण्याहून सोलापूर लाइनवर दौंडच्या अलीकडे आहे, जमलं तर तयारीच्या काळात टीमला घेऊन एक दिवस तिथे जाऊन या.

आणि नहेम्या

याला मी वेगळी पायरी म्हणत नाही पण हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. नहेम्या म्हणजे बायबलमधला, पर्शियाच्या राजाच्या पदरी असलेला यहूदी माणूस. यरुशलेमची तटबंदी पडल्याची बातमी त्याला किसलेव महिन्यात कळते आणि राजासमोर तो तोंड उघडतो नीसान महिन्यात, म्हणजे चारेक महिने तो उपास-प्रार्थनाच करतोय. पण राजाने विचारल्याबरोबर त्याच्याकडे यादी तयार आहे! किती दिवस लागतील ते सांगतो, नदीपलीकडच्या सुभेदारांना द्यायला पत्रं मागतो, आणि राजाच्या रानाचा रखवालदार आसाफ याच्या नावाने लाकडाची चिठ्ठी मागतो. चार महिने गुडघ्यावर असलेल्या माणसाला लाकूड कुठून मिळेल ते माहीत होतं. म्हणून "आम्ही विश्वासाने निघालोय" असं सांगून रिझर्व्हेशन न करणाऱ्यांचं मी काही ऐकून घेत नाही. रेल्वेचं आगाऊ बुकिंग आता ६० दिवस आधी उघडतं, त्या सकाळी उठून बुकिंग करणं हा पण विश्वासच आहे.

पायरी २ : बोलावणं आलंय का?

तुम्ही सहा आठवडे प्रार्थना केली, गाव मनात आलं, छान. पण तिथल्या मंडळीने बोलावलंय का? नसेल तर जायचं नाही, इतकं साधं. ओळखीच्या पाळकांमार्फत तिथल्या पाळकांशी बोला आणि फोनवर आपला प्रोग्रॅम सांगायच्या आधी तीन प्रश्न विचारा : आम्ही आलो तर तुम्हाला त्रास होईल का, तुम्हाला नेमकी कशाची गरज आहे, आणि कधी आलेलं बरं पडेल. मग गप्प बसून ऐका. ते संकोचाने "तुम्ही या, काहीही चालेल" म्हणतील, ते खरं धरू नका, आठ दिवसांनी परत फोन करा, मग खरं काम बाहेर पडतं.

आमची पहिली ट्रिप इथेच फसली. आम्ही जानेवारीत गेलो, कारण हवा छान असते आणि दोघांच्या सुट्ट्या जुळत होत्या. तरुणांसाठी नाटिका बसवली होती, गिटार, साउंड, सगळं. गावात पोचलो तर तरुण माणूस औषधाला नाही! दिवाळीनंतर त्या भागातली किती तरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात, बारडोलीकडे वगैरे, ती उन्हाळ्यातच परत येतात. गावात म्हातारी माणसं, काही शाळकरी पोरं आणि कोंबड्या. आमची तरुणांवरची नाटिका आम्ही चौदा आज्यांसमोर केली. त्या अगदी कौतुकाने बघत होत्या, शेवटी एकीने फक्त एवढंच विचारलं की तुम्ही जेवलात का. आम्ही प्रार्थना केली नव्हती असं नाही, भरपूर केली होती, पण विचारलं कोणालाच नव्हतं.

तेव्हापासून आम्ही मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात जातो. ऊन भयंकर, पण माणसं घरी असतात आणि पावसाच्या आधीची कामं सुरू असतात, म्हणजे आपल्यासारख्या दोन हातांचा उपयोग होतो. होळीच्या आसपास सातपुड्यात भोंगऱ्या बाजार, होळीचे सण, आणि महाशिवरात्रीला देवमोगरा मातेची मोठी यात्रा असते, तेव्हा गाड्या भरलेल्या आणि लोक आपल्या सणात, त्या दिवसांत पाहुण्यांनी मधे मधे करू नये.

पायरी ३ : कोण कोण

सहा ते आठ. बारा झाले की एका घरात मावत नाही आणि दोन गट पडतात. किमान दोन बायका-मुली हव्यात, एकटी मुलगी नको. एक जण असा पाहिजे ज्याला हाताने काही येतं, वायरिंग, सुतारकी, शिवण, काहीही. एक जण पैशाचा, एक जण औषधांचा, आणि एक जण फक्त वहीचा. लीडर एकच, आणि तो सगळ्यात जास्त बोलणारा नसावा. १८ च्या आतल्या मुलांना पहिल्या ट्रिपला नेऊच नका असं माझं मत आहे, नेलंच तर पालकांचं लेखी पत्र आणि त्यातला एक पालक सोबत.

घरी थांबणारी टीम तेवढीच महत्त्वाची. आमच्याकडे पंधरा-सोळा जण, त्यात रिटायर्ड शिक्षिका आहेत, एक रिक्षावाले काका आहेत, यांनी वेळ वाटून घेतलेले असतात, पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत कोणी ना कोणी प्रार्थनेत. त्यांना मेसेज टाकताना "प्रार्थना करा" एवढंच लिहू नका, नेमकं लिहा : "अमुक गावात विजेचं काम आहे, मेन स्विच गंजलाय, कोणाला शॉक लागू नये." काका म्हणतात नेमकं कळलं की झोप येत नाही.

पायरी ४ : कायदा आणि कागद

हा भाग कंटाळवाणा आहे पण टाळू नका. घटनेच्या कलम २५ ने धर्म मानायचा, आचरायचा आणि त्याचा प्रसार करायचा हक्क दिलाय, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत. जबरदस्ती, फसवणूक, आमिष याला तिथे जागा नाही, आणि खरं सांगायचं तर सुवार्तेतही नाही. वेगवेगळ्या राज्यांत धर्मांतराबद्दल वेगवेगळे कायदे आहेत. ओडिशाचा १९६७ चा, मध्य प्रदेशचा १९६८ चा, त्याच्या जागी तिथे २०२१ ला नवा आला, गुजरातचा २००३ चा, तोही २०२१ मध्ये कडक झाला. आता तुम्ही म्हणाल आपल्याला गुजरातचं काय, तर नवापूर रेल्वे स्टेशनचा अर्धा प्लॅटफॉर्म महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे! बोलता बोलता बाजूच्या पाड्यावर गेलात की राज्य बदललेलं असतं. म्हणून कुठल्या गावांत जाणार ते आधी ठरवा, आणि निघायच्या महिन्यात कायदा काय आहे ते मंडळीतल्या एखाद्या वकिलाला विचारून घ्या, कारण हे बदलत राहतं.

सोबत काय ठेवायचं : आधार, आपल्या पाळकांचं पत्र, तिथल्या मंडळीचं बोलावण्याचं पत्र, टीमची यादी आणि घरच्यांचे नंबर, सगळ्याच्या दोन झेरॉक्स. उघड्यावर सभा किंवा लाउडस्पीकर असेल तर परवानगी तिथली मंडळी काढेल, आपण मधे पडायचं नाही, आणि रात्री दहानंतर स्पीकर बंद म्हणजे बंद. गावात गेल्यावर पाळकांबरोबर सरपंच, पोलीस पाटील यांना भेटून या, लपूनछपून काही नाही हे त्यातूनच कळतं.

परदेशातल्या मराठी मंडळींचेही फोन येतात, सुट्टीत येतोय, जॉइन होऊ का म्हणून. टुरिस्ट व्हिसावर धर्मप्रचाराचं काम चालत नाही, मिशनरी व्हिसा वेगळा असतो, आणि ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) असलं तरी मिशनरी कामाला वेगळी खास परवानगी लागते, हे २०२१ पासून नियमातच लिहिलंय. तिकडे जमवलेले पैसे इथे आणून गावातल्या मंडळीच्या हातात द्यायचा विचारही सोडून द्या, परदेशी देणग्यांचा २०१० चा कायदा आहे, नोंदणी किंवा परवानगी नसेल तर ती मंडळी अडचणीत येते, तुम्ही तर परत विमानात बसलेले असता.

पायरी ५ : पैसे, प्रवास, बॅग

पटकन सांगतो. पुण्यातून नाशिक-धुळे करत साडेचारशेच्या आसपास किलोमीटर, रात्रभराचा प्रवास. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, टीममध्ये मुली जास्त असल्या की बजेट आपोआप खाली येतं. रेल्वेने जायचं तर सुरत-भुसावळ लाइन, त्यावर नवापूर, चिंचपाडा, नंदुरबार ही स्टेशनं. अक्कलकुव्यापासून वर मोलगीकडे जायचं असेल तर जीप, आणि जीपवाला माणसं भरल्याशिवाय निघत नाही, त्यामुळे पाचला पोचू म्हणलात तर सात धरा.

सगळ्यांनी आपापला खर्च स्वतः काढायचा, थोडा मंडळीने उचलायचा. आमचं मागच्या वेळी माणशी साडेतीन हजारात बसलं, त्यात यजमानांकडच्या जेवणाचे पैसे धरून. हे पैसे पहिल्याच दिवशी पाळकीणबाईंच्या हातात द्या, पाकिटात घालून, बाकी कोणासमोर नाही. शेवटच्या दिवशी दिले तर त्यांनी आठवडाभर आठ माणसांचा किराणा उधारीवर आणलेला असतो, हे आम्हाला दुसऱ्या ट्रिपला दुकानदाराकडून कळलं आणि खरं सांगतो, मान वर करता आली नाही. कॅश न्या, सुट्टे न्या, डोंगरात रेंज नसते आणि रेंज नाही म्हणजे फोनवरून पेमेंट नाही.

बॅग पाठीवरची एकच. मच्छरदाणी, टॉर्च, ओआरएस, आपली नेहमीची औषधं, पूर्ण बाह्यांचे कपडे, चादर, ताट-वाटी-पेला. मलेरियाच्या गोळ्यांचं निघायच्या दोन-तीन आठवडे आधी डॉक्टरांना विचारा. सर्वात जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र कुठंय ते पोचल्या पोचल्या विचारून ठेवा, १०८ नंबर सगळ्यांना माहीत असतो पण रस्ता कुठपर्यंत येतो ते गावालाच माहीत असतं.

काय न्यायचं नाही : जुने कपडे, बिस्किटांचे पुडे, खेळणी, वह्या वाटायला. माहितीये, मन होतं. पण एक तर ते आमिष दाखवल्यासारखं दिसतं आणि त्याचा त्रास आपण गेल्यावर तिथल्या मंडळीला होतो, दुसरं म्हणजे पोरं रांगेत उभी राहायला लागतात आणि तुम्ही पाहुण्याचे साहेब होता. काही द्यायचंच असेल तर पाळकांना विचारून मंडळीच्या नावाने, नंतर.

पायरी ६ : तिथे गेल्यावर

पहिला दिवस काहीही करायचं नाही. पाणी भरा, भांडी घासा, बसा. लूक अध्याय १० मध्ये प्रभूने पाठवलेल्यांना स्पष्ट सांगितलंय की ज्या घरात उतराल तिथेच राहा, घरं बदलू नका, आणि तुमच्यापुढे वाढतील ते खा. मक्याची किंवा ज्वारीची भाकरी, उडदाची डाळ, अंबाडीची भाजी, ठेचा. तिखट झेपत नाही असं सांगितलं तर चालतं, "आम्ही हे खात नाही" असं सांगितलेलं चालत नाही. आणि एकदा एका घरी उतरल्यावर शेजारी एसी लॉज आहे म्हणून तिकडे झोपायला जाऊ नका, आमच्यातला एक जण गेला होता, यजमान काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी चहा आला तो शांतपणे आला.

भाषा. शाळेत जाणाऱ्या पोरांना मराठी येतं, म्हाताऱ्यांना कमी. मावची, पावरी, वसावी, देहवाली, गावागणिक बदलते. आपण छोटी वाक्यं बोलायची आणि दुभाष्याला श्वास घ्यायला वेळ द्यायचा. "कृपेच्या सिंहासनासमोर लीन होऊन" हे असलं काही बोललात तर तो बिचारा नुसता बघत बसेल. आपली गाणी शिकवायच्या आधी त्यांची ऐका. ढोलावर त्यांची स्वतःची ख्रिस्ती गाणी आहेत, सगळे गोल करून नाचतात, आपल्या गिटारची तिथे काही गरज पडत नाही, मी तर आता नेतच नाही.

दिवसाची घडी साधी ठेवा. पहाटे साडेपाचला टीमची प्रार्थना अर्धा तास, मग काम दहापर्यंत, कारण मेच्या उन्हात दहानंतर पत्र्यावर हात ठेवता येत नाही. दुपारी झोप. संध्याकाळी घरभेटी, रात्री मंडळीची सभा. झोपायच्या आधी वीस मिनिटं वही : आज काय मागितलं, काय झालं, कोणाचं कोणाशी बिनसलं. बिनसतंच. आठ माणसं, एक बाथरूम, ४२ डिग्री. तिथेच माफी मागून झोपा, नाहीतर पहाटेच्या प्रार्थनेला सगळे एकमेकांकडे न बघता बसतात.

घरभेटीला दोघं-दोघं जा, सोबत तिथलं कोणीतरी. चालता चालता मनातल्या मनात प्रार्थना करायची, डोळे उघडे ठेवून. हात वर करून, मोठ्याने, दुसऱ्यांच्या देवस्थानासमोर थांबून प्रार्थना करायचा उत्साह काहींना येतो, तो तिथल्या तिथे थांबवा. कोणाच्याही देवाबद्दल, पूजेबद्दल एक वाकडा शब्द नको. ज्या घरात जाल तिथे आधी विचारा, प्रार्थना केली तर चालेल का, आणि नाही म्हणाले तर चहा पिऊन हसत उठा.

आजाऱ्यासाठी प्रार्थना मागतात, नक्की करा. पण "गोळ्या बंद करा, विश्वास ठेवा" हे वाक्य कोणाच्या तोंडून निघता कामा नये, टीबीच्या, फिटच्या गोळ्या मधेच सोडल्या तर माणूस जातो. बरं करण्याचा दावा करू नका, तेल-पाणी मंतरून देऊ नका, महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे तो वेगळाच. प्रार्थना करा आणि दवाखान्यात न्यायला गाडी लागली तर बघा. एका घरात ताप आलेल्या बाळासाठी आम्ही प्रार्थना केली आणि आमच्यातल्या नर्स ताईने आईला विचारलं, बाळ शू करतंय का? दोन दिवसांपासून फार कमी होती. आम्ही आमेन म्हणून उठणार होतो, ताईने गाडी मागवली. सलाइन लागलं. वहीत त्या दिवशी उजव्या पानावर ताईचा प्रश्न लिहिलाय.

मुलांचे फोटो नकोत. पालकांना विचारून काढले तरी नाव-गाव टाकून पोस्ट नकोत. कोणत्याही मुलाबरोबर बंद खोलीत एकटं बसायचं नाही, स्त्री असो की पुरुष, हा नियम निघायच्या आधी सगळ्यांकडून वाचून घ्या.

पत्र्याची गोष्ट

दुसऱ्या ट्रिपला आम्ही मुलांचा तीन दिवसांचा कार्यक्रम घेऊन गेलो होतो, पाळकांनीच हो म्हटलं होतं. पहिल्या रात्रीच्या प्रार्थनेत दोघांच्या कागदावर "छप्पर" असं आलं. लूकमध्ये छप्पर उघडून पक्षाघाती माणसाला खाली सोडतात, आम्हाला वाटलं त्याच्यावर बोलायचं असेल, छान नाटिका होईल. सकाळी पाळकांना सहज सांगितलं तर ते हसले आणि वर बोट दाखवलं. प्रार्थनाघराच्या पत्र्याला भोकं भोकं, उजेडाचे ठिपके जमिनीवर पडलेले. म्हणाले, सांगायला लाज वाटत होती, तुम्ही शिकलेली माणसं.

तीन दिवसांतले दोन दिवस आम्ही छपरावर काढले. तालुक्याहून जे-बोल्ट आणले, डांबरी वॉशर आणले, जुने वॉशर उन्हाने वाळून बिस्किटासारखे तुटत होते. मी वर्कशॉपचा माणूस म्हणून ऐटीत ड्रिल घेऊन चढलो आणि पहिलं भोक पत्र्याच्या नालीत पाडलं. खालून एक आजोबा ओरडले. ते वर चढले, सत्तरीचे असतील, माझ्या हातातून ड्रिल घेतलं आणि मोडक्या मराठीत सांगितलं की पाणी खालून वाहतं, भोक उंचवट्यावर पाडायचं. मग त्या पाडलेल्या भोकाला डांबराचा गोळा लावून, वर पत्र्याचा तुकडा बसवून दिला. खाली पोरं जमली होती, ती आम्हाला बोल्ट मोजून देत होती, त्यातच त्यांची संडे स्कूल झाली असं समजा.

निघायच्या सकाळी त्याच आजोबांच्या बायकोने आमच्यासाठी प्रार्थना केली, मावचीत, चुलीजवळ बसून, हाताला पीठ तसंच. आम्हाला दोनच शब्द कळले, "पुणं" आणि "गाडी". त्या बराच वेळ प्रार्थना करत होत्या.

पायरी ७ : परत आल्यावर

पहिल्या रविवारी मंडळीसमोर साक्ष द्यायला, म्हणजे अनुभव सांगायला लावतील. पाच मिनिटं बोला आणि "तिथले लोक किती गरीब पण किती आनंदी" हे वाक्य सोडून काहीही बोला. किती जणांनी हात वर केला, किती जणांनी ख्रिस्ताला मानायचा निर्णय घेतला, असले आकडे सांगू नका, आपण पाच दिवस होतो, ते पाळक बारा महिने असतात. काय शिकलो, कुठे चुकलो, कोणासाठी प्रार्थना करायची, एवढं पुरे. हिशोब लिहून मंडळीला द्या, उरलेले साठ रुपये असतील तरी.

टीमला दोन आठवड्यांनी परत एकदा बसवा, वही घेऊन. डावी पानं वाचा. काही मागणी कोरीच राहिलेली असतात, ती तशीच ठेवा, ओढूनताणून उत्तर लिहू नका. आमच्या वहीत २०१९ चं एक मागणं अजून कोरंय.

आणि वहीवाल्याला एक काम कायमचं लावून द्या, महिन्यातून एकदा तिथल्या पाळकांना फोन करायचा. पुढच्या ट्रिपबद्दल बोलू नका, नुसतं विचारा कसं चाललंय. दिवाळीनंतर कोण कोण ऊसतोडीला गेलं, कोणाची पोरं शाळेतून सुटली, ते विचारा आणि डाव्या पानावर लिहा. जूनमध्ये तिकडे पहिला मोठा पाऊस झाल्याचं कळलं की त्याच रात्री फोन लावा आणि विचारा, पत्रा गळतोय का.